बाल्ताझारचा रुमाल आणि माझा घसा

मंगळवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ७

आजपासून नवी वही. जुन्या वहीची उरलेली पानं झोइलाने गणवेशांची मापं लिहायला फाडून नेली. बायको शिवणकाम करते म्हणून नवऱ्याच्या खासगी आयुष्यावर कात्री चालवायची का, असं विचारलं. म्हणाली, पानं कोरी होती.

ही वही दुकानात, गिटारच्या तारांच्या पाकिटांमागे राहील. वर एक केस ठेवला आहे. कोणी हात घातला तर कळेल.

वही सुरू करायचं कारण : अठरा तारखेला, आमच्या लोहा शहराच्या उत्सवात, भर चौकात मी एकटा गाणार! बावीस वर्षं मी आणि बाल्ताझार क्वेव्हा जोडीने गातोय. लग्नं, वाढदिवस, बायको रुसलेल्या नवऱ्यांसाठी खिडकीखाली गाणी. यंदा कमिटीला एका पासियोसाठी, म्हणजे आमच्याकडच्या विरहगीतासाठी, एकच आवाज हवा होता. नाव माझं निघालं. बाल्ताझार म्हणाला, "वा आर्सेनियो, तूच योग्य." मिठी मारली.

जरा जास्तच वेळ मारली.

निश्चय : थंड पाणी बंद. सकाळी अर्धा तास रियाज. बाल्ताझारवर लक्ष.

बुधवार, ४ नोव्हेंबर

आवाज अप्रतिम. न्हाणीघरात शेवटचा वरचा सूर लावला तेव्हा शेजारचा कुत्रा भुंकायचा थांबला. झोइला म्हणते, कुत्र्याला फिरायला नेलं होतं.

गुरुवार, ५ नोव्हेंबर. पहाटे साडेपाच

घशात वस्तरा. थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी येतं. ताप एकोणचाळीस सेल्सिअस. काल रात्री झोपताना काहीही नव्हतं.

खोकला नाही. नाक वाहत नाही. हेच संशयास्पद आहे. प्रामाणिक आजार सांगून येतो. आधी शिंक, मग नाक, मग खोकला. हा मागच्या दाराने आलाय. म्हणजे दार कोणीतरी उघडून दिलंय.

दुपारी. विचार केला. सोमवारी कबरींवर फुलं वाहून परतताना बाल्ताझारकडे थांबलो होतो. कानेलासो प्यायलो, गरम, दालचिनी घातलेली दारू. नेहमीप्रमाणे सगळ्यांत पेला एकच. माझ्या हातात देण्याआधी बाल्ताझारने खिशातून पांढरा रुमाल काढला आणि पेल्याची कड पुसली.

रुमाल!

झोइलाला सांगितलं. म्हणाली, "अहो, तो नेहमीच पुसतो. बावीस वर्षं बघतेय मी."

म्हणजे हा प्लॅन बावीस वर्षांचा आहे.

संध्याकाळी मध-लिंबू. नोएमी शेजारी येऊन बसली. नात माझी, सात वर्षांची. तिची आई, आमची यादिरा, स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली तेव्हापासून आमच्याकडेच असते. एक चमचा मला, एक तिला. चमचा एकच. मायेला दोन चमचे लागत नाहीत.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

झोइलाने हाताला धरून दवाखान्यात नेलं. नवीन डॉक्टरीण आहे. सक्तीचं सरकारी वर्ष भरायला आली आहे. वय माझ्या चांगल्या गिटारपेक्षा कमी.

प्रश्न पोलिसासारखे. कधी दुखायला लागलं? एकदम की हळूहळू? खोकला आहे? म्हटलं, आहे, भरपूर. (नाही. पण खोकला नसलेला आजार मला स्वतःलाच हलका वाटला.) झोइला म्हणाली, "एकदाही खोकलेले नाहीत." डॉक्टरणीने माझ्याकडे पाहिलं आणि मी सांगितलेलं खोडून झोइलाने सांगितलेलं लिहिलं. नवऱ्याच्या घशाबद्दल बायकोची साक्ष!

मग मान चाचपली. जबड्याखाली दोन गाठी सापडल्या. टॉर्च मारून म्हणाली, टॉन्सिलवर पांढरे डाग आहेत. "काका, घसा बहुतेक वेळा व्हायरसने दुखतो, त्याला अँटिबायोटिक लागत नाही. खोकला-सर्दी असती तर मी तुम्हाला तसंच घरी पाठवलं असतं. पण हा स्ट्रेप जंतूंचा वाटतोय. खात्री करूया."

खात्री म्हणजे लांब काडी. थेट घशाच्या मागच्या भिंतीला. बावीस वर्षांत त्या जागेला सुरांशिवाय कोणी हात लावला नव्हता. मी तिचा हात धरला. झोइलाने माझा धरला.

दहा मिनिटांनी पट्टीवर दोन रेघा. झोइलाच्या भाचीला दोन रेघा आल्या तेव्हा जुळी झाली होती, एवढंच मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

दोन पर्याय दिले : कमरेत पेनिसिलिनचं एक इंजेक्शन, की दहा दिवस दिवसातून दोनदा गोळ्या? गोळ्या म्हटलं. गायकाचा श्वास कमरेतून निघतो. डॉक्टरीण म्हणाली, हे तिने कुठे वाचलेलं नाही.

मग लेक्चर. दोन दिवसांत बरं वाटेल, तरी दहाही दिवस घ्यायच्या. मध्येच सोडल्या तर जंतू उरतात, परत उलटतं. कधी कधी पुढे सांधे, हृदय यांना त्रास होतो, लहान मुलांना जास्त. घरात मूल आहे ना? मग पेला-चमचा वेगळा. उद्यापर्यंत बाहेर पडायचं नाही.

निघताना तिच्या कोटावरचं नाव वाचलं. पाउलिना सामानिएगो क्वेव्हा.

क्वेव्हा!

शनिवार, ७ नोव्हेंबर

काल झोइलाला म्हटलं, शेवटचं आडनाव आईचं असतं, म्हणजे डॉक्टरणीची आई क्वेव्हा आहे. बाल्ताझार क्वेव्हा आहे. झोइला म्हणाली, "या गावात डोळे मिटून दगड मारला तरी क्वेव्हालाच लागेल. माझी आईसुद्धा क्वेव्हा होती."

हे लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं.

गणित मांडलं. आज सातला गोळ्यांचा दुसरा दिवस. दहा दिवस म्हणजे पंधरा तारीख. "अशक्तपणा आहे, आणखी तीन दिवस विश्रांती घ्या" म्हटलं की आली अठरा. वा डॉक्टरीणबाई.

काल संध्याकाळी नोएमीने मध मागितला. वेगळा चमचा आणायला स्वयंपाकघरापर्यंत जावं लागलं असतं. ताप होता.

रविवार, ८ नोव्हेंबर

ठणठणीत! ताप नाही, दुखणं नाही. मध, लिंबू, झोइलाचा लाल काढा आणि माझी मूळची प्रकृती. गोळ्यांचाही थोडा हात असेल, नाही म्हणत नाही.

यादिराचा फोन. म्हणाली, जपा बाबा. म्हटलं, तू काळजी करू नकोस, इथे मी आहे.

सोमवार, ९ नोव्हेंबर

झोइला बहिणीकडे काताकोचाला गेली. गुरुवारी येईल. दारातून तीन वेळा वळली. गोळ्या घ्या. नोएमीचा चमचा वेगळा. गोळ्या घ्या.

निर्णय : गोळ्या बंद. बऱ्या माणसाने औषध घेणं हा शरीराचा अपमान आहे. उरलेल्या फेकणार नाही, कारण मी बेजबाबदार नाही. अठराच्या आदल्या दिवशी गरज पडली तर लागतील. झोइला आल्याबरोबर कपाट तपासणार, म्हणून पाकिटातून सोडवून गिटारच्या पोटात टाकल्या. तिथे कोण बघतंय.

मंगळवार, १० नोव्हेंबर

रिहर्सल. बाल्ताझार आला. पहिलाच झंकार दिला तर आतून खडखड. बाल्ताझार म्हणाला, "गड्या, तुझ्या गिटारला दात आले की काय?" माझ्या हातातून घेऊन उलटी केली. टेबलावर गोळ्यांचा पाऊस. नोएमी दारातून बघत होती.

मी म्हटलं, लाकडाला कीड लागू नये म्हणून.

हसला नाही. एक गोळी उचलून त्यावरची अक्षरं वाचली. "आर्सेनियो, ह्या घशाच्या आहेत. का घेत नाहीस?" मी विचारलं, तुला एवढी घाई का, मी गोळ्या घ्याव्यात म्हणून? तुझ्या भाचीने सांगितलं वाटतं? म्हणाला, कसली भाची? त्याला एकच भाचा आहे, ट्रक चालवतो.

कॉफी न पिता निघून गेला. ज्याचं मन स्वच्छ असतं तो कॉफी पितो.

बुधवार, ११ नोव्हेंबर. सकाळी

नोएमी म्हणते पोट दुखतंय. डोकं पण. आज गणिताची परीक्षा आहे, हे मला माहीत आहे हे तिला माहीत नाही. मीही या वयात पोटावरच भिस्त ठेवायचो. घसा दुखतो का विचारलं. म्हणाली, थोडा. म्हणजे पाठांतर झालंय. शाळेत सोडून आलो.

सकाळी ११. शाळेतून फोन. वर्गात उलटी झाली. अंग भाजतंय. शाळेच्या दारातल्या एम्पानाड्यांचा संशय आहे. तळलेल्या त्या पुऱ्यांत काय भरतात कोणाला ठाऊक.

संध्याकाळी ६. ओव्याचं पाणी दिलं. प्यायली नाही. गिळत नाही. मऊ भातसुद्धा नको म्हणते. माझा हात धरून झोपली आहे. हात फार गरम आहे.

झोइलाला फोन केला नाही. उगाच घाबरेल.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

हे नीट लिहायला हवं.

सकाळी ताप साडेएकोणचाळीस. गिटारातून निघालेल्या गोळ्या डबीत होत्या. मनात आलं, औषध घरात असताना दवाखाना कशाला? तिचं अंग माझ्या निम्मंही नाही, तर अर्धी देऊ. सुरीने अर्धी केली. नोएमीने गोळी बघितली आणि तोंड मिटलं. मग बसक्या आवाजात म्हणाली, "आजोबा, ही तुमची आहे. तुम्ही का नाही घेतली?"

मी सुरी हातात घेऊन उभा. तेवढ्यात दार वाजलं.

बाल्ताझार. हातात गरम पाव. म्हणे परवा रागाने गेलो, म्हणून आलो. त्याने आधी नोएमीकडे पाहिलं, मग सुरीकडे, मग अर्ध्या गोळीकडे. पाव ठेवला, तिला ब्लँकेटसकट उचललं आणि आपल्या गाडीत ठेवलं. मी चपला घालून मागे धावलो. दोन्ही डाव्या पायाच्या होत्या.

गाडीत म्हणाला, "मला थोरला भाऊ होता. लिझार्दो. तुला कधी सांगितलं नाही." नवव्या वर्षी लिझार्दोचा घसा दुखला. आईने गुळण्या करायला लावल्या, चार दिवसांत खेळायला लागला. नंतर गुडघे सुजले, मग घोटे. मोठ्या शहरातल्या डॉक्टरने छातीला नळी लावली आणि सांगितलं, झडप खराब झाली आहे. "एकतिसाव्या वर्षी जिना चढताना बसला. उठलाच नाही. त्याच्यामागे आई घरातला प्रत्येक पेला पुसत राहायची. पुसून काय होतं रे? काही होत नाही. पण मला सवय लागली."

मला रुमाल आठवला. मी खिडकीबाहेर बघत होतो. त्याने हे आत्ता का सांगितलं, असा संशय मनात आला होता. आला होता, म्हणून लिहितो.

दवाखान्यात तीच डॉक्टरीण, तीच काडी. नोएमी माझ्यापेक्षा शांत बसली. दहा मिनिटं. एकच रेघ!

मी उठलो. म्हटलं, बघा! एम्पानाडा! डॉक्टरीण म्हणाली, "बसा काका. मुलांत ही झटपट टेस्ट कधी कधी चुकते. मोठ्यांत 'नाही' आलं तर आम्ही बहुधा तिथेच थांबतो, मुलांत नाही थांबत. दुसरी काडी लॅबला पाठवतेय. दोन दिवस." मी सुनावलं, म्हणजे हवं ते उत्तर येईपर्यंत परीक्षा? ती म्हणाली, "हो. तिच्या हृदयाचा प्रश्न आहे."

तापाचं औषध दिलं. मला विचारलं, तुमच्या गोळ्या चालू आहेत ना? म्हटलं, अगदी वेळेवर. बाल्ताझार छताकडे बघत होता. बोलला नाही. ही त्याची चाल असेल तर मला कळली नाही.

झोइला संध्याकाळी आली. तिने कपाट उघडलं नाही. आधी टेबलावरची सुरी बघितली.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

झोइला शिवणयंत्र दुप्पट वेगाने चालवते.

माझ्या घशात किंचित. काही नाही. धूळ. हे सिद्ध करायला दुकानाचं दार लावून तो पासियो पूर्ण आवाजात सात वेळा गायलो. सातव्या वेळी वरचा सूर आला नाही. दमट हवा.

शनिवार, १४ नोव्हेंबर

सकाळी आठला डॉक्टरणीचा फोन. लॅबमध्ये स्ट्रेप उगवला. औषध आजच सुरू करायचं. तिघांनी या, चौथे काका गाडी घेऊन आले तर उत्तम.

वस्तरा परतला आहे. ताप आहे. कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरणीने विचारलंही नाही, सरळ टॉर्च मारला. मग म्हणाली, "काका, गोळ्या पूर्ण घेतल्या?"

म्हटलं, घेतोय.

नोएमी झोइलाच्या मांडीवरून म्हणाली, "गिटारात टाकल्या त्यांनी. खुळखुळत होत्या."

डॉक्टरीण रागावली नाही. त्यापेक्षा वाईट. माझ्या कागदावर काहीतरी लिहीत शांतपणे म्हणाली, "माझा गोळ्यांवर विश्वास आहे. तुमच्यावर नाही. यावेळी इंजेक्शन." झोइलाने आयुष्यात पहिल्यांदा एका क्वेव्हाचं माझ्यासमोर कौतुक केलं.

आधी नोएमीची छाती तपासली. नळी इकडे ठेवली, तिकडे ठेवली. श्वास घे, सोड. दारात बाल्ताझार आमच्याकडे पाठ करून उभा होता, मुठी वळलेल्या. खूप वेळ लागला. मी पहिल्यांदा कोणाबद्दल काहीच विचार करत नव्हतो. डॉक्टरीण म्हणाली, "ठोके छान आहेत. आपण वेळेत आहोत. आजार सुरू झाल्यापासून नऊ दिवसांत औषध सुरू झालं तरी हृदयाचा धोका टळतो. पण दहाही दिवस." बाल्ताझारच्या मुठी सुटल्या. तो बाहेर जाऊन नाक शिंकरत होता. रुमालात.

नोएमीला गुलाबी गोड औषध. मला सुई. औषध दाट असतं म्हणे, हळूहळू सोडावं लागतं. माझ्या ओरडण्याबद्दल झोइला जे सांगते त्यात अतिशयोक्ती आहे. बाहेरची मुलं तेवढ्यानेच रडायला लागली असं नाही, ती आधीपासून रडत असणार.

डावी बाजू. बसवत नाही. हे उभ्याने लिहितोय.

रविवार, १५ नोव्हेंबर

आवाज गेला. डॉक्टरणीने काल माझी खरखर ऐकूनच सांगितलं होतं, स्ट्रेपने आवाज असा बसत नाही, सुजलेल्या घशाने ओरडल्यावर बसतो. किती गायलात? मी तीन बोटं दाखवली. नोएमीने सात.

यादिराचा फोन. नोएमीनेच सगळं सांगितलं. चमचा, गिटार, सुरी. एकही गोष्ट सुटली नाही, माझ्या चपलासुद्धा. मला फोन हातात दिला. यादिरा म्हणाली, "बाबा, बोलू नका, ऐका. मी इथे परक्या म्हाताऱ्यांना वेळेवर गोळ्या देते. एकेक गोळी गिळेपर्यंत समोर उभी राहते. तिकडे माझं लेकरू नीट सांभाळलं जातंय असं धरून चालते, म्हणून जमतं मला हे."

रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

फोन नोएमीच्या हातात परत दिला.

सोमवार, १६ नोव्हेंबर

नोएमीला ताप नाही. चीज लावून पाव मागितला, दोन खाल्ले. उद्या शाळेत जाऊ शकेल. झोइलाने घरातले सगळे टूथब्रश बदलले. माझा नवा लाल आहे, म्हणजे कोणी चुकून घेणार नाही.

सकाळ-संध्याकाळ औषध मी देतो. चमचा माझ्या हाताने धुतो. ती गिळेपर्यंत समोर उभा राहतो. उभं राहणं सध्या सोयीचंही आहे.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

घसा बरा. आवाज कोठाराच्या दारासारखा.

कमिटीच्या बाईंचा फोन. बाल्ताझारनेच त्यांना कळवलंय. अर्थात. मी खरखरत विचारलं, आता कोण गाणार? म्हणाल्या, "बाल्ताझारदादाच. आम्ही तर आधी त्यांनाच विचारलं होतं. ते म्हणाले, आर्सेनियोला द्या, त्याची फार इच्छा आहे."

यावर विचार करायला वेळ हवा. सध्या एवढंच ठरवलंय की गाणं मी मनाच्या मोठेपणाने त्याला दिलं. कोणी विचारलं तर असंच सांगायचं.

बुधवार, १८ नोव्हेंबर. संध्याकाळी ७

चौकात गेलो नाही. तिघं घरी, रेडिओ लावून. मी खुर्चीच्या कडेवर, उजव्या अंगावर.

बाल्ताझार माइकवर आला आणि गाण्याआधी बोलला. मनापासून बोलला, हे मान्य. म्हणाला, हे गाणं माझ्या मित्राचं आहे, आर्सेनियो लुदेन्याचं. त्याने गोळ्या मध्येच सोडल्या, गिटारात लपवल्या, म्हणून घसा उलटला आणि कमरेत इंजेक्शन घ्यावं लागलं. त्याला बसता येत नाहीये. "मित्रांनो, गोळ्या पूर्ण घ्या. आणि पोरांचा घसा दुखला, ताप आला तर घरी तर्क लढवू नका, दाखवून आणा."

सगळ्या शहराने टाळ्या वाजवल्या. गाण्याआधीच.

मग गायला. वरचा सूर लावला. लागला. नोएमी म्हणाली, "आजोबा, छान गातात ना?" मी मान हलवली. झोइलाने ती हलताना बघितली.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

सकाळी पाव आणायला गेलो. वाटेत कोणाशी नजर मिळवली नाही. सांगायचं वाक्य तयार होतं : गाणं मी स्वतःहून दिलं.

बेकरीत गर्दी होती. मी आत शिरलो आणि बोलणं थांबलं. कोणी काही विचारलं नाही. बेकरीवालीने आतून एक उशी आणली, बाकावर ठेवली, दोनदा थोपटली.

बसलो.